चोच वाकडी, डोकं गरम

आधी एक वाद मिटवून टाकू. पुण्यात हमिंगबर्ड नाही. कोथरूडच्या गॅलरीत नाही, सिंहगडाच्या पायथ्याला नाही, ताम्हिणीच्या धुक्यातही नाही. हमिंगबर्डच्या साडेतीनशेच्या वर जाती आहेत आणि झाडून सगळ्या उत्तर-दक्षिण अमेरिकेत आणि तिथल्या बेटांवर राहतात. तरी दर थंडीत कुठल्या ना कुठल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक हलता-डुलता व्हिडिओ येतोच. खाली तीन उद्गारचिन्हं: 'आमच्या जास्वंदीवर हमिंगबर्ड!!!' पाहावं तर तो असतो शिंजीर. सूर्यपक्षी म्हणा, फुलचुखी म्हणा, लेकरू आपलंच. आणि दिवेलागणीला सदाफुलीसमोर अधांतरी थांबून फुलात लांब सोंड घालणारं जे काही दिसतं, तो तर पक्षीसुद्धा नव्हे. तो हॉक मॉथ, म्हणजे पतंग. नीट बघितलंत तर डोक्यावर दोन मिशा दिसतील.

हमिंगबर्ड आणि शिंजीर यांचं नातं काय? काही नाही. हमिंगबर्डचे जवळचे सोयरे म्हणजे पाकोळ्या, त्याच त्या पुलाखाली आणि जुन्या इमारतींच्या छताला घरटी करणाऱ्या. शिंजीर चिमणी-बुलबुलांच्या गोतावळ्यातले. एकाच धंद्यात पडल्यामुळे दोघांची हत्यारं सारखी झाली: बारीक वाकडी चोच, लांब जीभ, अंगावर चमकता रंग. मात्र जर्मनीत सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात हमिंगबर्डचे जीवाश्म सापडले आणि २००४ साली त्यांचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं. म्हणजे एके काळी आपल्या बाजूच्या जगातही हमिंगबर्ड होते! आता मात्र आशिया आणि आफ्रिकेत फुलातल्या मधुरसाचं खातं मुख्यतः शिंजिरांकडे आहे. जगात त्यांच्या १४०हून जास्त जाती आहेत.

शहरातले दोन, घाटातले तीन

पुणे शहराला वर्षाकाठी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस मिळतो. चांदणी चौक ओलांडून पिरंगुट, पौड, मुळशी करत ताम्हिणीकडे निघालात की तासा-दीड तासात हा आकडा कितीतरी पट होतो. महाबळेश्वरला तर पाच हजार मिलिमीटरच्या पुढचा हिशेब. शिंजिरांच्या दृष्टीनं ही खरी मजा. घरच्या गॅलरीत एक जात, घाटमाथ्यावर दुसरी, आणि मध्ये फक्त एक मिसळीचा थांबा.

शहरात दोघं भेटतात. पहिला जांभळा शिंजीर. विणीच्या काळातला नर सावलीत कोळशासारखा काळा आणि उन्हात आला की निळा-जांभळा पेट घेतो. हा रंग रंगद्रव्याचा नाही. पिसांच्या आत अतिसूक्ष्म थर असतात, त्यांवर प्रकाश आपटून परततो तेव्हा डोळ्याला निळा-जांभळा दिसतो. म्हणूनच फोटोग्राफर मंडळी याच्यामागे ऊन शोधत फिरतात. ढगाळ दिवशी काढलेल्या फोटोत एक काळा ठिपका उमटतो आणि नातेवाईक विचारतात, 'हे कावळ्याचं पिल्लू का?'

वीण संपली की नराचा हा पोशाख उतरतो. अंग मादीसारखं पिवळट-तपकिरी होतं, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध एक काळी पट्टी राहते. पावसाळ्यानंतर हा पट्टीवाला दिसला की पुष्कळांना वाटतं, नवीन जात सापडली.

दुसरा जांभळ्या पाठीचा शिंजीर. याला कपड्यांची हौस जास्त. डोकं हिरवं, गळा जांभळा, पाठ किरमिजी, पोट पिवळं. आणि हा नर बारा महिने याच थाटात वावरतो, उतरत्या हंगामाचा वेगळा वेश नाही. आंघोळीचीही याची एक खास तऱ्हा आहे. मोठ्या पानावर साचलेल्या दवात घसरगुंडी करत अंग भिजवून घेतो. अळूचं किंवा केळीचं पान आणि सकाळची वेळ असेल तर हा तमाशा अंगणातसुद्धा दिसू शकतो.

घाटात शिरलात की तिघं नवे. छोटा शिंजीर जेमतेम ८ सेंटिमीटरचा, पाठ गडद तांबडी. हा फक्त पश्चिम घाटाचा, जगात दुसरीकडे कुठेच नाही. याच्या मादीला ओळखायची खूण सोपी आहे: बाकी शिंजिरांच्या माद्या साध्या, हिच्या शेपटीच्या वर मात्र लाल डाग. दुसरा विगोर्सचा शिंजीर, तोही पश्चिम घाटाचाच. नराचा गळा आणि छाती लालभडक, त्यावर पिवळ्या बारीक रेघा. कर्नाळा, ताम्हिणी, भीमाशंकर, महाबळेश्वर अशा दाट झाडीच्या जागी भेटतो. आणि तिसरा लोटेनचा शिंजीर. याची चोच इतकी लांब आणि वाकडी की बाकीच्यांनी हातपाय पसरले तरी पोचणार नाहीत अशा फुलांत ती सहज जाते. अठराव्या शतकात श्रीलंकेत डचांचा गव्हर्नर होता लोटेन नावाचा, त्याचं नाव याला मिळालं. पुण्यात हा क्वचित. कोकणात उतरलात की गाठ पडण्याची शक्यता वाढते.

जांभळ्या शिंजिराचा पल्ला मात्र मोठा. इराणच्या आखातापासून थेट आग्नेय आशियापर्यंत. दुबईला मुलाकडे गेलेल्या आजी-आजोबांना तिथल्या बागेत पुण्याचाच शेजारी भेटतो, तो हाच.

साहेबाची यादी

छोटा शिंजीर आणि विगोर्सचा शिंजीर, दोघांच्याही शास्त्रीय नावापुढे कंसात एकच आडनाव आणि एकच साल लागतं: साइक्स, १८३२. हे कर्नल विल्यम हेन्री साइक्स म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचे लष्करी अधिकारी. पेशवाई जाऊन थोडीच वर्षं झालेली. १८२४ मध्ये मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी त्यांना दख्खनची आकडेवारी गोळा करायला बसवलं. माणसं किती, पाऊस किती, पिकं कुठली, डोंगर किती उंच. साहेबांनी हे सगळं तर मोजलंच, वर जाता-येता पक्षी, मासे, प्राणीही गोळा केले. १८३२ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या अंकात दख्खनच्या पक्ष्यांची त्यांची यादी छापली गेली. त्यात ५६ पक्षी असे होते, ज्यांचं शास्त्रीय वर्णन त्याआधी कुणी केलेलं नव्हतं. मुळा-मुठेच्या काठी निवांत बसलेली ढोकरी, तीही याच यादीतली!

आता नावांकडे बघा. 'विगोर्स' म्हणजे निकोलस विगोर्स, त्याच झूलॉजिकल सोसायटीचे पहिले सचिव. ज्यांच्या सोसायटीच्या अंकात यादी छापायची, त्यांच्या नावानं एक लाल-पिवळा देखणा पक्षी. आणि आपल्या माळरानावर कोकलणारा मोठा करडा सातभाई? त्याचं शास्त्रीय नाव 'माल्कमी', मुंबईचे गव्हर्नर राहिलेले जॉन माल्कम यांच्यावरून. कार्यालयीन शिष्टाचार म्हणून बघितलं तर यादी चोख होती. विगोर्स साहेबांना सुंदर पक्षी मिळाला आणि गव्हर्नर साहेबांना कर्कश. यामागे काही हेतू असेल असं मी म्हणत नाही, पण हसू येतं खरं.

सह्याद्रीतल्या कातकरी-ठाकर-महादेव कोळी वस्त्यांना हे पक्षी त्याआधी शतकानुशतकं माहीत होते, हे वेगळं सांगायला नको. त्यांची यादी कुणी छापली नाही, इतकंच.

जीभ की सिरिंज?

शिंजिराची जीभ चोचीच्या बाहेर चांगली लांब येते आणि तिच्या कडा आत वळून तिची नळी झालेली असते. टोकाला ती दुभंगलेली. हमिंगबर्ड मधुरस कसा ओढतो यावर शास्त्रज्ञांनी बराच काळ वाद घातला आणि अखेर असं दिसलं की त्यांची जीभ रसात उघडते, रस पकडते आणि मिटते. शिंजिरांचं मात्र वेगळं निघालं. गेल्या काही वर्षांतल्या अभ्यासात दिसलं की ते जिभेच्या नळीतून रस सरळ वर ओढून घेतात. आपण स्ट्रॉनं उसाचा रस पितो, अगदी तसंच.

एवढं पाणीदार खाणं म्हणजे पोटात पाण्याचा पूर. मधुरसात साखर साधारण पाचवा-चौथा हिस्सा, बाकी बहुतेक पाणीच. पश्चिम आशियातल्या एका शिंजिरावर प्रयोग झाले तेव्हा कळलं की जास्तीचं पाणी आतड्यात शोषूनच न घेता तसंच पुढे सोडून द्यायची सोय या पक्ष्याकडे आहे. बागेत शिंजिराच्या फांदीखाली उभं राहिलेल्या माणसाला याचा पुरावा टोपीवर मिळू शकतो.

गोडावरच जगतात हा समज मात्र चूक. रोज कोळी, माशा, अळ्या लागतातच. पिल्लांचं वाढीचं वय म्हणजे तर निव्वळ मांसाहार. फुलांभोवती गिरट्या घालणाऱ्या शिंजिरांपैकी निम्मे तरी कोळ्यांच्या मागावर असतात असं बघितल्यावर वाटतं.

बसायला पाट

हमिंगबर्ड हवेत थांबून पितो. शिंजीर तसं करू शकतो, पण क्षणभर, आणि ते त्याला फारसं आवडत नाही. तो देठावर, फांदीवर, कळीवर बसतो, कधी उलटा लोंबकळतो आणि मान वाकडी करून चोच घालतो. म्हणून आपल्याकडच्या पक्षीप्रिय फुलांना बहुधा जाड देठ असतात. पळस, पांगारा, काटेसावर बघा: फूल नाजूक नाही, चांगलं मांसल, आणि शेजारी बसायला भक्कम फांदी. दक्षिण आफ्रिकेत तर बाबियाना नावाची एक वनस्पती फुलांच्या वर मुद्दाम एक फूल नसलेला कोरडा दांडा वाढवते. तो कशासाठी? शिंजिरानं त्यावर बसून वाकावं म्हणून. पाहुण्याला बसायला पाट टाकणारं झाड!

पक्ष्यांची फुलं लाल-केशरी का असतात याचंही उत्तर याच व्यवहारात आहे. मधमाशीला लाल रंग नीट दिसत नाही, पक्ष्याला छान दिसतो. पक्ष्याला वासाचं मोठं कौतुक नाही, म्हणून पळसाला आणि पांगाऱ्याला वास जवळजवळ नाहीच. अत्तर मधमाश्यांसाठी, भडक रंग चोचीसाठी.

दिल्लीत पळसावर झालेल्या अभ्यासात पळसाच्या फुलावर येणाऱ्या मंडळींपैकी खरं परागीकरण कोण करतं हे पाहिलं गेलं. जांभळा शिंजीर यात पुढे निघाला, आणि बरोबरीनं तीन पट्ट्यांची खार! फुलांच्या पाकळ्या खाऊन टाकणारी म्हणून बदनाम असलेली खार.

पण शिंजीर नेहमी सज्जनपणे दारातून येतो असं नाही. फुलाची नळी लांब असेल, चोच आत पोचत नसेल, तर तो बुंध्याशी भोक पाडतो आणि तिथून रस ओढून घेतो. पराग ना घेतला ना दिला. झाडाच्या हिशेबी ही सरळ चोरी. जास्वंदीच्या फुलाच्या तळाशी बारीक भोक दिसलं तर चोर कोण, हे आता कळलं.

बांडगूळ आणि त्याचे दोन कामगार

आंब्याच्या झाडावर बांडगूळ दिसलं की कोकणातला बागायतदार कोयता शोधतो. पुण्यातही रस्त्याकडेच्या झाडांवर ते भरपूर आहे. पण या परोपजीवी झुडपाचा संसार चालतो कसा, हे किहीमला बसून शोधणारा माणूस कोण होता? सलीम अली. अलिबागजवळच्या किहीममध्ये १९३० साली त्यांनी सुगरणींचं प्रसिद्ध निरीक्षण केलं, आणि त्याच सुमारास कोकणातल्या बांडगुळावर शिंजीर आणि फुलटोच्या यांचं काय चालतं तेही नोंदवलं. १९३१ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अंकात ते छापलं. पुढच्याच वर्षी याच नियतकालिकात भारतातली पक्षीप्रिय फुलं आणि फुलप्रेमी पक्षी यांवर त्यांचा एक मोठा लेख आला. आज कुठल्याही जंगलात कुठला पक्षी कुठल्या फुलावर येतो याची वही ठेवणाऱ्या मंडळींची सुरुवात तिथे आहे.

व्यवहार असा. बांडगुळाची कळी लांब नळीसारखी, केशरी-लाल, टोक हिरवट. तिचं तोंड बंद. पक्षी चोचीनं तिला चिमटा घेतो किंवा टोक घालतो, त्यासरशी कळी फटकन उघडते आणि पराग पक्ष्याच्या कपाळावर उडतात. तो पुढच्या कळीवर जातो आणि तिथे ते पोचवतो. इथवरचं काम मुख्यतः शिंजिराचं.

मग फळं येतात आणि दुसरा कामगार हजर होतो. फुलटोच्या हा भारतातल्या सर्वांत लहान पक्ष्यांपैकी एक, अंगठ्याएवढा, मातकट रंगाचा, सतत 'चिक् चिक्' करणारा. फळ गिळतो, गर पचवतो, आणि थोड्याच वेळात बी मागून बाहेर काढतो. पण ते बी चिकट गोंदात लपेटलेलं असतं, सुटत नाही. मग तो फांदीवर तिरका बसतो, बूड घासतो, आणि बी तिथेच फांदीला चिकटतं. बांडगुळाला दुसरं काय हवं? जमिनीवर पडलं असतं तर मेलं असतं. नीलगिरीत अशाच बांडगुळांचा अभ्यास केलेल्या प्रिया दविदार यांनी दाखवलं की काही जातींमध्ये कळ्या आणि पिकलेली फळं दिसायला एकमेकांसारखीच असतात, म्हणजे फुलटोच्या दोन्हींकडे ओढला जातो. झाडांमध्येही जाहिरात खातं असतं तर.

बांडगूळ कापावं की ठेवावं? फळबागेत कापायलाच हवं, त्यात भावनिक होण्यासारखं काही नाही. टेकडीवरच्या रानटी झाडावर मात्र कोयता उगारण्याआधी त्यावर कोण जेवतंय ते एकदा पाहावं.

येथे मध पिऊ नये

आता स्वभाव. दहा ग्रॅमच्या आतबाहेरचा हा जीव वागतो तालमीतल्या वस्तादासारखा. जास्वंदीचं एक झुडूप ताब्यात आलं की दुसऱ्या नरानं तिकडे फिरकायचं नाही. फिरकलाच तर पाठलाग, भोवऱ्यासारखी गिरकी, कर्कश किटकिट. खांद्याजवळ पिवळी-केशरी पिसांची लहानशी चूड लपलेली असते, ती या वेळी फुलवून दाखवतात. पाटी लिहिता आली असती तर दर फांदीवर 'येथे मध पिऊ नये, अपमान केला जाईल' टांगली असती.

या रागापायी मोटारीच्या आरशातल्या स्वतःशीच भांडतो, दिवसचे दिवस. सकाळी आरशावर पांढरे ठिपके आणि चोचीचे ओरखडे दिसले तर गाडी झाकून ठेवा, निदान वीण संपेपर्यंत. त्याचा वेळ वाचतो, तुमचा आरसाही.

लोंबतं घर

घरटं बांधायचं काम मादीचं. नर आसपास गातो, पाहणी करतो, फार झालं तर लुडबुड करतो. घरटं म्हणजे फांदीच्या टोकाला, तारेला, कुठल्याही लोंबत्या गोष्टीला टांगलेली नासपतीच्या आकाराची पिशवी. बाजूला दार आणि दारावर लहानसं छप्पर, पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून. आत सावरीच्या कापसासारखं काही मऊ. अंडी बहुधा दोन, उबवणं सुमारे दोन आठवडे, आणि तेही मादीनंच.

बाहेरून मात्र इतकं गबाळं की ते घरटं आहे हेच लक्षात येत नाही. सुकी पानं, सालीचे तुकडे, अळ्यांची विष्ठा, कागदाचे कपटे असं काहीबाही लटकत असतं. पाहणाऱ्याला वाटतं वाऱ्यानं कचरा अडकलाय. शिंजिराला तेच हवं. जांभळ्या पाठीचे शिंजीर तर माणसांच्या इतके जवळ येतात की गॅलरीतल्या बेलच्या वायरीला, कपड्यांच्या दोरीला, कुंडीतल्या मनीप्लांटला घरटं टांगतात. माणसांची वर्दळ असली की कावळे-मांजरी दूर राहतात, हे त्यांनी ओळखलंय.

हे सगळं बांधकाम धरून ठेवतं कोळ्याचं जाळं. सिमेंट म्हणा, सुतळी म्हणा, रबर म्हणा, सगळं तेच. पिल्लं वाढली की पिशवी ताणते, फाटत नाही. लोटेनचा शिंजीर याच्या एक पाऊल पुढे. कळपानं राहणारे काही कोळी झुडपावर मोठं जाळ्यांचं गाठोडं करतात. हा पक्षी कधीकधी सरळ त्या गाठोड्यातच आपली खोली कोरतो.

कधी, कुठे, काय

पौष-माघात काटेसावर फुलली की तिच्याखाली जाऊन उभं राहावं. ही नुसती शिंजिरांची जागा नाही, ती सगळ्यांची पंगत असते. बुलबुल, चष्मेवाला, कोतवाल, मैना, पोपट, कावळे, खारी, वानर. आणि त्यात मध्य आशियातून थंडीला आलेल्या भोरड्या. आपण त्यांना पळस मैना म्हणतो ते उगाच नाही, काळ्या-गुलाबी अंगाची ही टोळी पळस-सावरीवर तुटून पडते आणि परागांनी तोंड पिवळं करून घेते. शिंजीर या गर्दीत कडेच्या फांदीवर, अधूनमधून धक्के खात.

फाल्गुनात पळस आणि पांगारा. टेकडीवर जायला वेळ नसेल तर एम्प्रेस गार्डन, विद्यापीठाचा परिसर, पाषाण तलावाचा काठ. याच सुमाराला सह्याद्रीच्या उतारावर धायटी लाल झालेली असते आणि त्या छोट्या नळीदार फुलांवर शिंजीर चुळबुळ करत असतात.

पावसात घाटांमध्ये मुरुडशेंग फुलते. तिचं ताजं फूल तांबडं, शिळं झालं की निळसर-राखी होतं. शिंजीर ताज्याकडेच जातो. पावसाळी हवेत लोणावळ्याला किंवा ताम्हिणीला गेलात तर धबधब्याकडे पाठ करून मुरुडशेंगेच्या एका झुडपासमोर बसून बघा. रेनकोटमधून पाणी आत येतं, दुर्बिणीच्या काचेवर धुकं बसतं, आणि छोटा शिंजीर हाताच्या अंतरावर येऊन बिनदिक्कत पितो. ओल्या हवेत तो उन्हातल्यापेक्षा जास्त निर्धास्त असतो, असं माझं तरी मत झालंय.

दिवाळीच्या आसपास माळावर दीपमाळ वाढते. आफ्रिकेतून आलेलं हे तण, एका दांड्यावर मजले करत काटेरी गोळे आणि त्यांत केशरी फुलं. पडक्या प्लॉटवर, रेल्वेरुळाकडेला, कुठेही. एरवी तणांचं कौतुक करू नये, पण शिंजीर बघायला याच्यासारखी फुकटची जागा शहरात नाही. खाली गुडघाभर गवत असतं, तेवढं सांभाळा.

फोटोसाठी मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावण्याचा प्रकार सिंहगडाच्या खोऱ्यात आणि घाटात बराच बोकाळलाय. नर चिडतो, प्रतिस्पर्धी शोधत भटकतो, घरट्याजवळचं काम सोडतो. त्या फोटोत मला काही कला दिसत नाही.

साखरेचं पाणी नको

अमेरिकेत हमिंगबर्डसाठी लाल प्लास्टिकच्या बाटल्या टांगतात, ते बघून आता त्या आपल्याकडेही ऑनलाइन मिळतात. माझा सल्ला: घेऊ नका. एप्रिलच्या पुण्यात साखरेचं पाणी दुपारपर्यंत आंबतं, मुंग्या लागतात, बुरशी धरते. रोज धुणार कोण? शिवाय शिंजिराला किडेही लागतात, ते बाटलीत नाहीत. त्यापेक्षा एक देशी जास्वंद, जमिनीवर जागा असेल तर धायटी, गॅलरीत हॅमेलिया किंवा रसेलिया. कीटकनाशक फवारायचं नाही, कारण त्यानं आधी पिल्लांचं जेवण मरतं.

आणि दिवाळीच्या साफसफाईत झाडू घेऊन गॅलरीकडे वळाल तेव्हा छताच्या एका कोपऱ्यातलं कोळ्याचं जाळं तेवढं राहू द्या. सासूबाईंनी विचारलं तर सांगा, बांधकाम साहित्य आहे, फेब्रुवारीत कुणीतरी न्यायला येणार आहे.